पडक्या दगडी घराची मोजणी: ड्रोनला काय दिसतं, काय दिसत नाही

गावठाणाची ड्रोन मोजणी गावोगाव पोहोचल्यापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. आमचं घर तर कधीच पडलं. माळवद बसलं, भिंती कमरेएवढ्या उरल्या, आत वेड्या बाभळी माजल्या. त्याची मोजणी होते का? होत असेल तर मोजतात तरी काय? विचारणारा बहुधा पुण्यात, भिवंडीत नाहीतर सुरतेत स्थायिक झालेला असतो आणि गावी जत्रेलाच जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या मोजण्यांची गल्लत झालेली असते. एक जागेची, दुसरी घराची. पहिली सरकार करतं. दुसरी बहुतेक ठिकाणी कोणीच करत नाही, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आधी सरकारी मोजणी

शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो. गावठाण म्हणजे गावाची राहती वस्ती. तिथल्या बहुतेक घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये सापडते, पण ती घरपट्टी आकारण्यासाठी ठेवलेली नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ही उणीव भरून काढायला केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारायच्या, वरून ड्रोनने फोटो घ्यायचे, त्यांवरून नकाशा तयार करायचा, हरकती ऐकायच्या आणि मग मिळकत पत्रिका द्यायची, असा तो क्रम. जानेवारी २०२५ मध्ये देशभरात ६५ लाखांहून जास्त पत्रिका एकाच कार्यक्रमात वाटल्या गेल्या.

पडक्या घराचं घोडं चुन्यापाशीच अडतं. ड्रोनला हद्द दिसते ती रेघेमुळे, आणि रेघ दाखवायला घरचं माणूस हजर असावं लागतं. ढिगाऱ्यात भाऊबंदांची सामाईक भिंत नेमकी कुठे होती हे वरून ओळखता येत नाही. तेव्हा आपल्या गावची मोजणी व्हायची असेल तर त्या दिवशी गावी जा. या लेखातला सगळ्यात रोकडा सल्ला हाच.

पण पत्रिका हाती आली तरी तिच्यात जागेची हद्द आणि क्षेत्रफळच असणार. भिंत किती जाड होती, दार कुठल्या दिशेला होतं, माळवद कशावर टेकलं होतं, घर एकदम पडलं की हळूहळू, यातलं काहीच तिथे नसतं. ते हवं असेल तर खाली उतरून घर मोजावं लागतं.

घर पडतं कसं

मोजायच्या आधी पडण्याचा क्रम समजून घ्यायला हवा, कारण समोर दिसतो तो ढिगारा याच क्रमाने रचला गेलेला असतो. उदाहरणाला मराठवाड्यातलं माळवदाचं घर घेऊ. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे आडव्या कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून छपराला पांढरी वापरायची. ही पांढरी कित्येकदा जुन्या वस्तीच्या टेकाडातून खणून आणलेली असते, म्हणजे आधीच्या घरांचीच माती.

भोवतीच्या भिंती डबराच्या, मातीत बसवलेल्या. डबर म्हणजे न घडवलेला, मिळेल त्या आकाराचा दगड. जाडी दोन-अडीच फूट सहज, काही घरांत त्याहून बरीच जास्त. उन्हाळ्यात गारवा राहायचा आणि चोराला भिंत फोडणं जड जायचं.

वजनाचा अंदाज घेऊ. १२ फूट बाय १० फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीची माती म्हटली तर ती सुमारे ३.४ घनमीटर होते. कोरडी धरली तरी वजन पाच टनांच्या पुढे जातं, पावसात भिजल्यावर आणखी. म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपायची, गवत उपटायचं, पन्हळी मोकळ्या करायच्या, हे दरवर्षीचं काम होतं. माणसं गेली की ते थांबतं. चार-दोन पावसाळ्यांत पाणी कडीपाटापर्यंत उतरतं, तुळईचं टोक कुजतं आणि एका रात्री माळवद बसतं.

छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो. पाणी सरळ भिंतीच्या पोटात शिरतं, दगडांमधली माती धुऊन नेतं आणि भिंतीला पोट सुटतं. पिंपळ, उंबर फटीत रुजतात. याच सुमारास माणसंही येतात. आधी सागवानी खांब आणि चौकटी जातात, मग कोपऱ्यांचे घडीव दगड. कोपरे काढले की उरलेल्या भिंतीला धरून ठेवणारं काही राहत नाही. शेवटी डबर आणि माती उरते.

घरमालकानेच आपलं लाकूड नेलं तर त्यात गैर काही नाही. मात्र मोजणाऱ्याने “इथे खांब नव्हता” आणि “इथला खांब नेला” यांत फरक करायला हवा. जोत्याजवळ, म्हणजे घराच्या जमिनीवर उचललेल्या पायाजवळ, खांबाखालचा चौकोनी दगड जागेवर असेल तर खांब होता, बास.

टेप, ओळंबा आणि कर्ण

साहित्य फार लागत नाही. ३० मीटरचा टेप, पाच मीटरचा छोटा टेप, ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला बांधलेलं वजन), गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, दोरी, होकायंत्र आणि चौकटींचा कागद. मी तर म्हणेन, पहिल्या घराला यापेक्षा जास्त काही नेऊच नका. यंत्रं हातात असली की माणूस भिंतीकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघत बसतो.

नवशिके बहुतेक जण चारही भिंतींची लांबी मोजतात आणि खोली मोजून झाली समजतात. इथे बाज आठवा. तिच्या चारही बाजू ठरलेल्या लांबीच्या असतात, तरी दोर सैल झाला की ती तिरकी होते. बाजू त्याच, आकार मात्र वेगळा. खोलीचंही तसंच आहे. आकार पक्का होतो तो कर्णाने, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधल्या अंतराने. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की तो हलू शकत नाही, म्हणून मोजणी नेहमी त्रिकोणांत करायची. दोन्ही कर्ण घ्या. दुसरा पडताळ्याला उपयोगी पडतो. जुन्या घरांत काटकोन विरळाच भेटतो, आणि कागदावर खोली अगदी चौकोनी आली तर बहुधा मोजणाराच चुकलेला असतो.

मधे ढिगारा असेल आणि कर्ण घेता येत नसेल तर बाहेरून एक सरळ दोरी ताणा आणि तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्याचं काटकोनातलं अंतर घ्या. उंचीसाठी नळीतलं पाणी पुरतं. नळीची दोन टोकं कुठेही धरली तरी पाणी एकाच पातळीवर थांबतं, त्यावरून जोत्याची, उंबरठ्याची आणि भिंतीच्या उरलेल्या माथ्याची उंची एकाच पातळीपासून मांडता येते.

बारकाई किती हवी? डबराच्या भिंतीचा पृष्ठभागच बोटभर आतबाहेर असतो, तिथे मिलिमीटर लिहिण्यात अर्थ नाही. सेंटिमीटरपर्यंत अचूक असलं की झालं. नकाशा १:५० या प्रमाणात काढा, म्हणजे जागेवरचा एक मीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. भिंतीची जाडी त्यात नीट दिसते.

भिंतीवर काय शोधायचं

मोजमापांपेक्षा मला हा भाग जास्त रंजक वाटतो. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या असतील तर कोपऱ्यात त्यांचे दगड आलटून पालटून एकमेकांत घुसलेले असतात. नंतरची भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकवलेली असते, आणि दोहोंमध्ये वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट दिसते. गावठाणातल्या घरांत अशी फट बऱ्याचदा वाटणीची असते. भाऊ वेगळे झाले, ओसरीच्या मधून भिंत घातली गेली, आतलं दार दगडांनी बुजवलं आणि दुसऱ्या भावाने मागच्या बोळाकडे नवं दार फोडलं. बुजवलेल्या दाराच्या चौकटीची रेघ भिंतीत ओळखू येते. कुठली भिंत आधीची आणि कुठली नंतरची एवढं फटीवरून ठरतं. साल मात्र ठरत नाही, ते कागदपत्रांत किंवा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत शोधायचं.

जमिनीत रोवलेलं उखळ जागेवर असेल तर कांडण-दळणाची जागा कळते. भिंतीवरचा काजळीचा पट्टा चुलीची जागा सांगतो, देवळीतला काळा डाग दिव्याची. भिंतीच्या वरच्या भागात एका रेषेत भोकं असतील तर तिथे कड्यांची टोकं होती; त्यांचं एकमेकांपासूनचं अंतर मोजा. खांबांच्या दगडांवरून खण मोजता येतात. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि जुन्या बोलण्यात घराचा आकार त्यानेच सांगतात: पाच खणाचं घर, सात खणाचं घर. धान्य साठवायचं बळद, जमिनीतलं धान्याचं पेव, उजेडासाठी छपरात ठेवलेलं साणं यांच्या खुणा सापडल्या तर नकाशावर याच नावांनी लिहा. “साठवणीची खोली” असं मोघम लिहून निम्मी माहिती गमावू नका.

जाता जाता कोकण आणि गोव्याबद्दल. तिथला दगड जांभा. खाणीतून तो चिऱ्यांच्या आकारात कापून काढतात, त्यामुळे भिंतीचे थर मोजता येतात आणि पडलेल्या भागाच्या उंचीचा अंदाज बांधणं सोपं जातं. डबरात ही सोय नाही.

“वाडे-किल्ले पडून आहेत, साध्या घरांसाठी एवढा खटाटोप कशाला?”

या आक्षेपाचं उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपतींचं विसर्जन झालं होतं. धक्का सुमारे ६.२ रिश्टरचा होता. जगात या ताकदीचे भूकंप दरवर्षी होतात. तरी आठ-दहा हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक राजवाड्यांत राहत नव्हती, वर वर्णन केलेल्या घरांतच झोपली होती. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे ही घरं भूकंपात कशी वागतील याचा विचार कोणी केलेला नव्हता.

पडलेल्या भिंती जवळून पाहिल्यावर कारण दिसलं. अडीच-तीन फुटांची ती भिंत बाहेरून एकसंध वाटते, पण असते दोन पातळ भिंतींची. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मधे बारीक दगड, कपच्या नि माती. दोन्ही थरांना शिवणारे लांब दगड, म्हणजे भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारे आरपार दगड, जवळपास नव्हतेच. जमीन हलली तसं मधलं भरण खाली दबलं आणि त्याने दोन्ही थर बाहेर ढकलले. बाहेरचा थर बोळात, आतला थर झोपलेल्या माणसांवर. काही ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती मात्र कोसळल्या. १० फूट लांब, ९ फूट उंच आणि अडीच फूट जाड अशा एकाच भिंतीचं वजन १२ टनांच्या घरात जातं, हे लक्षात घेतलं की बाकी सांगावं लागत नाही.

ढिगारा उपसण्याआधी मोजायचा तो यासाठी. सावकाश पडलेल्या घरात आधी छपराची माती जमिनीवर बसते आणि भिंतीचे दगड नंतर तिच्यावर येतात. भूकंपात सगळं बहुधा एकत्र, मिसळून पडतं. दगड कुठल्या बाजूला आणि किती लांब गेले यावरून भिंत कशी तुटली ते उमगतं. जेसीबीने साफ केलेल्या जागेवर यातलं काही उरत नाही.

भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावठाणांचे अवशेष मागे राहिले. वाड्यांची छायाचित्रं पुष्कळांनी जपली. सामान्य शेतकऱ्याच्या तीन-चार खणांच्या घराचे मापासह काढलेले नकाशे त्यामानाने थोडे, आणि जीव गेले ते याच घरांत.

“मग दगडी घरं पाडूनच टाकलेली बरी!”

किल्लारीनंतर मराठवाड्यात दगडाची अशी काही धास्ती बसली की आजही पुष्कळ लोक हेच म्हणतात. पण दोष दगडाचा नव्हता, सांधणीचा होता. त्याच वर्षी आलेल्या भारतीय मानकात, आयएस १३८२८ मध्ये, अशा बांधकामाचे नियम दिले आहेत: भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको, दर ६०० मिलिमीटर उंचीला आरपार दगड हवेत आणि आडव्या दिशेने दोन आरपार दगडांत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज हे मानक सरळ उलटवतं.

अजूनही लोक दगडी घरांत राहतात. आपल्या भागातल्या गवंड्यांनी आरपार दगड वापरले होते का, किती अंतरावर, हे उभ्या घराची भिंत फोडून बघता येणार नाही. पडक्या घराच्या तुटलेल्या भिंतीत ते उघड दिसतं. उभ्या घरांच्या डागडुजीसाठी पडक्या घरांची मोजणी उपयोगी पडते ती अशी.

फोटो, ड्रोन आणि झाडीखालची जमीन

टेपने घर मोजून झालं की मग फोटोंवरून मोजणी करता येते. एकच दगड दोन वेगळ्या जागांहून टिपला तर फोटोंत त्याची जागा थोडी सरकते, आणि त्या सरकण्यावरून संगणक त्याचं अंतर काढतो. शेकडो फोटोंवर हेच केलं की भिंतीची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. साधा मोबाइल चालतो. अट एवढीच की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ६० ते ८० टक्के भाग यायला हवा आणि चौकटीत माप माहीत असलेली पट्टी ठेवायला हवी. पट्टी विसरलात तर सुंदर प्रतिकृती मिळेल आणि तिच्यावरून एकही फूट मोजता येणार नाही.

ड्रोन पुऱ्या वस्तीचा आराखडा घ्यायला चांगला, मात्र २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय नकाशात तो भाग हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी पाहावं लागतं. दाट झाडीत त्याच्या फोटोंत फक्त पानं दिसतात. तिथे लायडार कामी येतो: वरून लेझरचे लाखो झोत सोडायचे, त्यांतले काही पानांमधून जमिनीपर्यंत पोहोचून परत येतात आणि तेवढ्यांवरून जमिनीचा चढउतार काढायचा. स्कॉटलंडच्या अॅरन बेटावर २०१९ मध्ये या पद्धतीने सुमारे हजार नवे अवशेष नोंदले गेले. स्कॉटलंडची आणखी एक गोष्ट हेवा वाटावी अशी आहे. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांत छप्पर असलेली आणि छप्पर गेलेली घरं वेगवेगळी दाखवली आहेत, त्यामुळे वस्ती कधी उठली याचा माग काढता येतो. आपल्याकडे जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भूभागाच्या सरकारी नकाशावर, ओसाड गाव म्हणून शेरा मिळतो, महसुली दप्तरात बेचिराख म्हणून नोंद मिळते. घराघराचा तपशील मिळत नाही.

घर किती जुनं?

सगळे हेच विचारतात आणि याचंच नेमकं उत्तर देता येत नाही. भिंतीतला बेसॉल्ट कोट्यवधी वर्षांचा आहे, त्यावरून काही कळत नाही. “अमुक सालानंतरचं” एवढं मात्र सांगता येतं. ढिगाऱ्यात मंगळुरी कौल सापडलं तर छप्पर १८६५ नंतरचं, कारण बासल मिशनचा मंगळुरूचा पहिला कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, त्याचा फोटो घ्या. सिमेंटचा गिलावा, विजेच्या तारांचे चिनी मातीचे खटके हेही असेच दुवे. पण जुन्या भिंतीवर नवं छप्पर येऊ शकतं, तेव्हा कौलाचं साल सगळ्या घराला चिकटवू नका.

“नकाशा काढला तर पुरातत्त्ववाले जागा घेतील”

ही भीती गावोगाव भेटते. खासगी नकाशा काढल्याने कोणाचीही मालकी बदलत नाही आणि घर संरक्षित स्मारकही होत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि हरकती घ्यायला दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. परवानगी मात्र घ्याच, मालकाची आणि ग्रामपंचायतीची.

टेप घेऊन पडक्या घरात शिरलेल्या माणसाकडे गाव आणखी एका कारणाने संशयाने बघतं: गुप्तधन. कित्येक पडक्या घरांच्या जमिनीत, विशेषतः देवघराखाली, त्याच्या शोधात खड्डे पाडलेले असतात आणि त्यात उखळ, जोतं, पेव सगळं उद्ध्वस्त झालेलं असतं. म्हणून मोजणी करताना खणायचं नाही, दगड हलवायचा नाही आणि हे गावाला आधी सांगायचं. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

केव्हा जायचं आणि परत आल्यावर काय

जानेवारी ते मे. गवत वाळलेलं असतं, जोत्याच्या रेषा दिसतात, आणि सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बुजलेली भिंतही सावलीमुळे उठून दिसते. धरणात गेलेल्या गावांसाठी तर मे-जून एवढाच अवधी. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचे अवशेष उघडे पडतात, गोव्यात साळावली धरणातलं कुर्डी मे महिन्यात वर येतं. पावसात पडक्या भिंतीजवळ जाऊच नये. इतर वेळीही माप घेण्यापुरतंच जवळ जावं, एरवी भिंतीची जेवढी उंची, निदान तेवढं अंतर राखून उभं राहावं. पोट सुटलेल्या भिंतीला ओळंबासुद्धा लावू नये, तिचे फोटो लांबूनच घ्यावेत. दगडाखाली हात घालू नये. विंचू आणि फुरसं तिथेच असतात.

नकाशावर उत्तर दिशा, प्रमाण, तारीख, मोजणाऱ्यांची नावं आणि गावठाणातला मिळकत क्रमांक असेल तर तो लिहा. मोजलेल्या भिंती अखंड रेघेने आणि अंदाजाने जोडलेल्या तुटक रेघेने दाखवा. एक प्रत घरमालकाला, एक ग्रामपंचायतीला, एक गावच्या शाळेला द्या. फोटो नुसते मोबाइलमध्ये ठेवू नका. ज्या जागी उभं राहून ते काढले त्या जागा नकाशावर क्रमांकांनी दाखवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर तिथेच उभं राहून पुन्हा फोटो घेता येतील आणि वर्षभरात भिंत किती गेली ते मोजता येईल.